पिवळ्या शेडचं चित्र

अमेरिकेहून परतल्यापासून मिरजेत जो भेटेल तो विचारतो, "मग, काय काय बघितलंत?" मी म्हणते, "गंजलेले पत्रे." लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई चेष्टा करतेय. पण खरंच सांगते, नायगारा राहिला, न्यू यॉर्क राहिलं, आणि मी ओहायोतल्या एका बंद पडलेल्या कागद कारखान्यासमोर मांडी ठोकून चित्रं काढत बसले. त्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. का ते पुढे कळेल, आणि कळल्यावर मला पुन्हा चहाला बोलवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

डब्लिन

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी सायली कोलंबस शहराला लागून असलेल्या डब्लिन नावाच्या उपनगरात राहते. इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. पोरगी गुणाची आहे, पण बोलताना श्वास घेत नाही. विमानतळावरच म्हणाली, "मावशी, मी सगळं प्लॅन केलंय. लायब्ररीतला एक हॉल पण बुक केलाय. तू इथे पेंटिंग्ज कर, आपण एक्झिबिशन करू, इथल्या मराठी मंडळाचे सगळे लोक येतील. ओके?"

"हो हो, बघू ना," मी म्हणाले. ही माझी सवय नीट लक्षात ठेवा.

डब्लिन फार नीटनेटकं गाव आहे. घरं सगळी गव्हाच्या खिरीच्या रंगाची, हिरवळ नुकती भादरल्यासारखी, आणि रस्त्यावर माणूस औषधाला नाही. सकाळी साडी नेसून, पायात बूट घालून फिरायला निघाले, तर एका बाईनं गाडी थांबवून काळजीनं विचारलं, तुम्ही हरवलाय का? आमच्याकडे सकाळी फिरायला न गेलेल्या बाईची लोक अशी काळजीनं चौकशी करतात. पण चित्र काढावं असं त्या गावात मला काही सापडेना. सगळंच धडधाकट.

मी एका शाळेत तीसेक वर्षं चित्रकला शिकवली. पण माझं स्वतःचं वेड म्हणजे बंद पडलेले कारखाने. सूतगिरणी, तेलगिरणी, साखर कारखाना, जे बंद पडेल तिथे मी वही घेऊन हजर. जागेवर बसून कोळशानं रेखाटन करायचं, रंगांच्या नोंदी समासात लिहून ठेवायच्या आणि मग घरी येऊन त्यावरून तैलचित्र करायचं, ही माझी पद्धत. फोटो काढायचा नाही. फोटोवरून चित्र काढणाऱ्यांबद्दल मी काय काय बोलते, ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. फार मिजास होती मला त्याची.

सायलीनं शोधून काढलं, दीड-दोन तासांवर नदीकाठी एक कागद कारखाना आहे, कित्येक वर्षं बंद, आणि आता पाडायला काढलाय. "मी तुला ड्रॉप करते आणि तिथल्या लायब्ररीत बसून माझ्या मीटिंग्ज करते," ती म्हणाली. एका शुक्रवारी आम्ही निघालो.

नदीकाठचं गाव

डब्लिन मागे पडलं तशी सपाट जमीन वर-खाली व्हायला लागली. आधी मक्याची कापलेली शेतं, मग टेकड्या, त्यावर लाल-पिवळी झालेली झाडं. आमच्याकडे झाडं वाळतात, तिथे ती आधी नटतात आणि मग वाळतात. आणि एका वळणावर तो कारखाना दिसला. काय सांगू! विटा पेरूच्या आतल्या रंगाच्या. तीन मजली भिंत, तिला शेकडो फुटक्या काचांच्या खिडक्या. एक उंच धुरांडं, त्याच्या डोक्यावर चक्क एक झाड उगवलेलं. अन्नाचा वास आल्यावर होतं तसं तोंडाला पाणी सुटलं माझ्या.

कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसले. रेखाटन जरा कुठे जमतंय तोवर पाऊस. कागद पदराखाली घेऊन उभी राहिले, तर समोरच्या घरातून एक बाई छत्री घेऊन धावत आली. माझ्याच वयाची, ठेंगणी, अंगात कुठल्याशा फुटबॉल संघाचा भला मोठा लाल शर्ट.

"अगं बाई, भिजतेस काय! शेडमध्ये बस की," ती म्हणाली. तिच्या इंग्रजीचं माझ्या कानात हे असंच मराठी झालं, त्याला मी काय करू.

शेड म्हणजे कारखान्याच्या फाटकाशेजारी असलेली एक टपरी. आपल्याकडची पानाची टपरी असते तेवढीच. पत्र्याची, तीन बाजूंनी बंद, आत एक बाक. बाहेरून भडक पिवळी, शाळेच्या बससारखी. मला वाटलं बसथांबा असेल. आत बसले, आणि खरं सांगते, तिथून कारखाना जसा दिसला तसा दुसरीकडून कुठूनच दिसला नसता. भिंत, धुरांडं, नदीचा एक तुकडा, सगळं जिथल्या तिथे. फक्त डाव्या हाताला शेडचा खांब आड यायचा. मी नवा कागद घेतला आणि तेवढी पट्टी कोरी सोडली.

बाईचं नाव डॉना. त्या दिवसापासून मी गेले की ती यायची. आम्ही दोघी बाकावर बसायचो. ती शेंगदाण्याच्या लगद्याचे लाडू आणायची, चॉकलेटात बुडवलेले. ओहायोत ते घरोघरी करतात, आणि एक खाल्ला की दुसऱ्यावर हात जातोच. मी थालीपीठ न्यायचे, सोबत लसणाची चटणी. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, आणि ती म्हणाली, "अजून आहे?" तिथेच आमची मैत्री जमली.

एकदा कुंपणावरची एक छान लाल झालेली वेल मी हातात घेऊन निरखत होते. ती विषारी निघाली. दोन्ही हातांवर पुरळ उठलं, रात्रभर खाजवलं. पुढच्या खेपेला डॉना मलम घेऊन आली आणि आईनं लावावं तसं कोपरापर्यंत चोळून दिलं. तिथे कुणी कुणाच्या अंगाला सहसा हात लावत नाही, म्हणून ते जास्तच लक्षात राहिलं.

तिनं सांगितलं, तिचा नवरा रॉय या कारखान्यात वेल्डर होता. पाळी सुटल्यावर बर्फात माणसं गाडीची वाट बघत कुडकुडायची, म्हणून त्यानं उरल्यासुरल्या पत्र्यातून ही शेड केली आणि उरलेला पिवळा रंग तिला फासला. संध्याकाळी घरी यायच्या आधी तो इथे दोन मिनिटं बसायचा. कारखाना बंद झाल्यावरही यायचा. आता त्याला झटका आल्यापासून तो गावातल्या एका शुश्रूषागृहात असतो. डावी बाजू गेलीये, बोलणं फार थोडं. भेटायला गेलं की विचारतो, "शेड आहे ना?"

"आहे म्हणते मी," डॉना म्हणाली. "पण आता तीही जाणार."

मग तिनं माझ्या मांडीवरच्या रेखाटनाकडे बघितलं. "माझ्याकडे शेडचे फोटो आहेत गं. पण फोटोत ती भंगार दिसते. तू बघ कारखान्याचं काय सोनं केलंस. तसं एक शेडचं चित्र काढशील? रॉयच्या खोलीत त्याच्या समोर लावीन. तो दिवसभर भिंतीकडे बघत असतो."

मी तेव्हा धुरांड्यावरच्या झाडात गुंतले होते. कोळसा हातात, नजर वर. मी म्हणाले, "येस, येस. शुअर."

आता हे तुम्हाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे कुणी म्हणालं "या ना एकदा जेवायला", की आपण म्हणतो "येऊ ना, नक्की येऊ". बोलणारा आणि ऐकणारा दोघंही जाणून असतात की कुणी कुठे जाणार नाहीये. नाही म्हणणं आपल्याला शिवीसारखं वाटतं. मी तर आयुष्यभर शेकडो होकार असे वाटलेत. पण डॉनानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे पुसले. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

नाही पडला. खरं सांगायचं तर तो पिवळा रंग मला नकोच होता. माझ्या सगळ्या गंजाच्या, विटांच्या, शेवाळाच्या मेळात ते पिवळं खोकं म्हणजे तमाशा वाटायचा. गाडीतून उतरले की मी सरळ शेडमध्ये शिरायचे आणि समोर बघायचे. तिला बाहेरून नीट असं मी एकदाही बघितलं नाही.

तळघर

पुरेशी रेखाटनं झाल्यावर मी सायलीच्या तळघरात रंग मांडले. घरभर टर्पेंटाइनचा वास. सायली वरून ओरडायची, "मावशी, मी कॉलवर आहे, निदान गाणं तरी गाऊ नकोस!" मी गात होते, कारण कामं झकास होत होती. रेखाटनांच्या डावीकडची ती कोरी पट्टी मी कॅनव्हासवर घेतच नव्हते. चित्र कसं उघडं, मोकळं झालं.

आणि एक दिवस सायली फोन घेऊन खाली आली. डॉनाकडे तिचाच नंबर होता.

"मावशी, डॉनाचा मेसेज आलाय. वाचते हां. 'मशीन आलं. शेड आज सकाळी सगळ्यात आधी गेली. फार रडले. पण तू तिचं चित्र काढून ठेवलंस, म्हणून बरं वाटतंय. देव तुझं भलं करो.'" तिनं वर बघितलं. "कुठलं गं चित्र? मी नाही बघितलं."

मी ब्रश फडक्याला पुसला. "नाही काढलं."

"म्हणजे?"

"अगं, मी नुसतं हो म्हणाले होते."

"मावशी! तू कमिट केलंस तिला!"

"कमिट कसलं? आपण म्हणतो ना, बघू..."

"इथे असं नसतं यार! इथे शुअर म्हणजे शुअर!" सायली पायरीवर मटकन बसली. "आणि ती शेड गेलीसुद्धा."

मी ताबडतोब नवा कागद घेतला. म्हटलं, इतके दिवस बसलो तिथे, आठवून काढू. आतून सगळं आठवत होतं. बाकाची गुळगुळीत झालेली कड, पत्र्यावर खिळ्यानं कोरलेली नावं, टोपी अडकवायचा आकडा. पण बाहेरून? छप्पर पुढे उतरतं होतं की मागे? उघड्या बाजूला वर काही लिहिलेलं होतं का? एक रेघ धड येईना. मुलांना मी ओरडून सांगायचे, आधी बघा, मग काढा. आणि मी ज्या छपराखाली कोरडी राहिले, तेच बघितलं नव्हतं. लाज म्हणजे काय ते मला त्या तळघरात कळलं.

"तिच्याकडून फोटो माग ना," सायली म्हणाली.

"फोटो मागितला की तिला कळेल."

सायलीनं माझ्याकडे बघितलं. तिची ती नजर अजून आठवते.

लायब्ररीचा हॉल

प्रदर्शनाला मंडळी भरपूर आली. कुणी पुण्याची, कुणी नागपूरची, कुणी तिथेच जन्मलेली. बटाटेवडे होते, कॉफी होती. पोरं "नाइस कलर्स, आजी" म्हणून पळत होती. एका काकांनी विचारलं, "काय हो, याच्यात माणसं का नाहीत?"

मी शहाणपणा पाजळला. "माणसं निघून गेलेली असतात, काका. तेच तर मी काढते. आणि मी फोटोवरून काढत नाही. जिथे बसते तिथून दिसेल तेवढंच काढते." लोकांनी माना डोलावल्या. मी वळले, तर दारात डॉना. शेडमध्ये बसून मीच तिला कधीतरी 'ये ना बघायला' म्हटलं होतं.

तो लाल शर्ट नव्हता. निळा झगा, ओठांना रंग, केस सेट केलेले. एवढ्या लांब स्वतः गाडी चालवत आली होती. मला कडकडून भेटली आणि मग एकेका चित्रासमोर जाऊन उभी राहिली. ती काय शोधतेय ते मला ठाऊक होतं. एका चित्रापाशी गेली, पुढच्या चित्रापाशी गेली. हॉलला वळसा घालून ती पुन्हा पहिल्या चित्रापाशी आली, चष्मा पुसला आणि परत बघायला लागली. धरणीनं पोटात घ्यावं असं पुस्तकात वाचलं होतं. लायब्ररीच्या त्या गालिच्यावर उभी राहून मी अगदी तेच मागत होते.

"खूप सुंदर आहेत," ती म्हणाली. "आणि शेड?"

सांगायचं होतं ना तेव्हाच? तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं तर, "ते अजून ओलं आहे. ऑइल पेंट. वाळायला वेळ लागतो."

"हो का! मग रविवारी रॉयकडेच आण," ती आनंदानं म्हणाली. "मी त्याला सांगितलंय."

सायली वड्यांच्या टेबलापाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मी वडा उचलला आणि परत ताटलीत ठेवला.

रॉयची खोली

रविवारी गाडीत सायलीनं माझ्याकडून वाक्य घोटून घेतलं. सातवीतल्या पोराकडून पाढे घ्यावेत तसं. "म्हण मावशी. आय डिड नॉट ड्रॉ युअर शेड."

"आय डिड नॉट ड्रॉ युअर शेड. आय सेड येस, बट आय डिड नॉट. आय ॲम सॉरी."

"गुड. आत गेल्या गेल्या म्हणायचं. थांबायचं नाही. मी बोलणार नाही हां, तूच सांगायचं."

रिकाम्या हातानं जायचं जिवावर आलं, म्हणून एक मूळ रेखाटन सोबत घेतलं होतं. पावसाच्या दिवशी शेडमध्ये बसून केलेलं, कोळशाचं, डाव्या बाजूला कोरी पट्टी असलेलं. त्यातल्या त्यात बरं, एवढाच विचार.

शुश्रूषागृह स्वच्छ होतं, जंतुनाशकाचा वास, दारांवर तिथल्या भुतांच्या सणाचे कागदी भोपळे. रॉय खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. मोठाल्या हाडांचा माणूस, आता कपडे अंगावर लोंबत होते. त्याच्या समोरच्या भिंतीवर डॉनानं आधीच खिळा ठोकून घेतला होता. मी त्या खिळ्याकडेच बघत राहिले.

"आय डिड नॉट..." मी सुरुवात केली. पण डॉनानं तोवर गुंडाळी माझ्या हातातून घेऊन त्याच्या मांडीवर उलगडलीसुद्धा. तिचा चेहरा उतरला, मला स्पष्ट दिसलं. पिवळं काहीच नव्हतं. काळा-पांढरा कारखाना नुसता.

रॉय बघत राहिला. मग त्याचा उजवा हात हळूहळू वर आला. बोट धुरांड्यावर गेलं, तिथून नदीवर, आणि मग डावीकडे सरकत त्या कोऱ्या पट्टीवर येऊन थांबलं. पट्टीवरून ते वरून खाली फिरलं. पुन्हा वरून खाली.

"माझा खांब," तो म्हणाला.

डॉना वाकली. "काय, रॉय?"

"माझा खांब." मग त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि अर्ध्या तोंडानं हसला. "तू माझ्या जागेवर बसली होतीस."

डॉनानं तोंडावर हात धरला. मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर हमसून हमसून रडायला लागली. "मी वेडी, मी शेड बाहेरून मागत होते. तू त्याला आतून दिलीस. तो काय बघायचा ते तू काढलंस. तू मुद्दाम असं केलंस ना? आधीपासून हेच तुझ्या मनात होतं ना?"

ती पट्टी मी अडचण म्हणून सोडली होती. तैलचित्रांतून तर कापूनच टाकली होती. सायली दारात उभी होती, माझ्याकडे बघत होती. वाक्य पाठ होतं. नुसतं म्हणायचं होतं.

"येस," मी म्हणाले. "येस, येस."

परतीच्या वाटेवर टेकड्या संपून सपाटी आली. डब्लिनची पाटी दिसल्यावर सायली म्हणाली, "त्याला आनंद झाला, मावशी. ते खरंय."

"हो," मी म्हणाले.

आता मी मिरजेत आहे. सायलीमार्फत डॉना फोटो पाठवते. त्या खिळ्यावर चौकटीत रेखाटन लावलंय आणि समोर रॉय. खाली तिचा मजकूर असतो, "रोज बघतो. सगळ्यांना सांगतो, ही बाई माझ्या जागेवर बसली होती." मी उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवते.

हे सगळं तुमच्यासमोर इतकं मोकळेपणानं लिहिलं, म्हणून मला प्रामाणिक समजू नका. गावाचं नाव दिलं नाही, आणि लिहिलं तेही मराठीत. डॉनाला मराठी येत नाही. ते इंग्रजी वाक्य मला अजून तोंडपाठ आहे.